बंद करण्याचीही एक रीत असते

आपल्याकडे उद्घाटनाला मंत्री मिळतो, फीत मिळते, फोटो मिळतो. समारोपाला खुर्च्या उचलायला चार पोरं मिळत नाहीत. बोअरवेल मारली की नारळ फुटतो. मोटर जळून ती बंद पडली की कुणाच्याच वहीत नोंद होत नाही. सुरुवातीचं कौतुक आणि शेवटाची हेळसांड हा आपला जुना स्वभाव आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्यासारखीच माणसं असल्यामुळे त्यांच्या कोडमध्येही तो उतरतो.

आजचा विषय त्यातलाच, पण काहींना लांबचा वाटेल. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये आता व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, चालतं. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, एखाद्या संकेतस्थळावरचं बटण दाबायचं, की आपण थेट अजिंठ्याच्या लेण्यात किंवा हृदयाच्या कप्प्यात. ह्या फेरफटक्याला सेशन म्हणतात. ते सेशन संपताना आत काय काय व्हावं लागतं आणि ते बंद करणारा कोड पुन्हा नीट मांडायचं काम का महत्त्वाचं आहे, यावर मला लिहायचं आहे.

जिवतीच्या माणसानं यावर का लिहावं? गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरात चढलं की फोनची रेंज कुठे लागते आणि कुठे जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. अशा तालुक्यात ब्राउझरमधल्या आभासी जगाची चर्चा म्हणजे पाय जमिनीवर नसल्याचं लक्षण, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं उलट आहे. यंत्र नीट बंद कसं व्हावं हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जिवतीचा जास्त आहे, कारण इथे गोष्टी मध्येच तुटतात. वीज मध्येच जाते, नेट मध्येच जातं, बॅटरी मध्येच संपते. सगळं सुरळीत असताना चालणारं यंत्र कुणीही बनवतो. मध्येच तुटल्यावर ते कसं वागतं, त्यावर त्याची खरी परीक्षा होते.

थोडा इतिहास सांगतो. ब्राउझरमध्ये आभासी वास्तव आणायचे प्रयत्न २०१४ मध्ये मोझिलाने सुरू केले. त्याला वेबव्हीआर नाव होतं. २०१८ पासून त्याची जागा वेबएक्सआर नावाच्या नव्या मांडणीने घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये क्रोमच्या ७९ व्या आवृत्तीत ती सर्वांसाठी खुली झाली. याचा मोठा फायदा असा की वेगळं ॲप डाउनलोड करावं लागत नाही. दुवा उघडला की काम सुरू. जिथे मोठं ॲप उतरवायला अख्खी दुपार जाते, तिथे ही सोय लहान नाही.

पण या सोयीमागे तीन जणांची भागीदारी आहे. एक, ते पान, म्हणजे ज्याने लेणं दाखवलं तो कोड. दुसरा, ब्राउझर. तिसरी, हेडसेटची स्वतःची यंत्रणा. सेशन चालू असेपर्यंत हे तिघे सेकंदाला ७२ किंवा ९० अशा वेगाने चित्रं काढतात, डोकं कुठे वळलं ते मोजतात आणि त्याप्रमाणे पुढचं चित्र तयार करतात. सुरू करताना तिघांची सहमती घेणं सोपं असतं. माणसाने बटण दाबलं, ब्राउझरने परवानगी विचारली, हेडसेट मोकळा आहे का पाहिलं, झालं. बोहल्यावर चढायला सगळे तयार असतात.

संपण्याच्या वाटा मात्र अनेक आहेत. पानावरचं ‘बाहेर पडा’ दाबलं. हेडसेटवरचं बटण दाबलं. टॅब बंद केला. केबल निघाली. बॅटरी गेली. ब्राउझर स्वतःच कोसळला. हेडसेटला आपण खोलीत कुठे आहोत हेच कळेनासं झालं. कधी दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात: पान म्हणतं ‘मी बंद करतोय’, आणि त्याच वेळी हेडसेट म्हणतो ‘मी निघालो’. आता बंद नेमकं कुणी केलं, आणि आवराआवर कुणी करायची?

वेबएक्सआरच्या नियमावलीत याचं उत्तर लिहिलेलं आहे, आणि ते मला फार आवडतं. सेशन संपवायचं तर आधी ‘हे संपलं’ अशी खूण करायची. मग ज्या कुणाला ‘थांब, सांगतो’ असं वचन दिलं होतं आणि उत्तर अजून दिलेलं नाही, त्या प्रत्येकाला स्पष्ट नकार कळवायचा. मग हेडसेटवरचा ताबा सोडायचा. चित्रांसाठी घेतलेली मेमरी परत करायची. हेडसेट अशा अवस्थेत ठेवायचा की दुसऱ्या कुणाला त्यावर नवं सेशन सुरू करता येईल. आणि पानाला निरोप द्यायचा, की संपलं. ज्याने स्वतःहून बंद करायला सांगितलं होतं, त्याला ही सगळी आवराआवर पुरी झाल्यावरच ‘झालं’ असं सांगायचं, आधी नाही.

आपल्या घरांत अमानत हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. ठेवायला दिलेली वस्तू जशी होती तशी, ज्याची त्याला, वेळेवर परत करायची. हेडसेट, मेमरी, माणसाच्या हालचालींची माहिती, ह्या सगळ्या ब्राउझरकडे काही मिनिटांसाठी ठेवलेल्या वस्तू आहेत. त्या परत कशा करायच्या, याचा मसुदा म्हणजे वरचा नियम.

मग अडचण कुठे येते? नियम कागदावर एक असतो, कोडमध्ये तो दहा ठिकाणी विखुरतो. टॅब बंद झाल्यावर काय करायचं हे एकाने एका फाइलमध्ये लिहिलं. केबल निघाल्यावर काय, हे दुसऱ्याने दोन वर्षांनी दुसरीकडे लिहिलं. नवा हेडसेट बाजारात आला, तिसऱ्याने त्याच्यासाठी तिसरी वाट काढली. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबर केलं. पण एका वाटेने गेलं तर मेमरी परत होते, दुसऱ्या वाटेने गेलं तर राहते. एका वाटेने पानाला निरोप मिळतो, दुसऱ्या वाटेने मिळत नाही, किंवा दोनदा मिळतो. मग डोळ्यांसमोर चित्र गोठतं आणि डोकं हलवलं तरी लेणं हलत नाही. ज्याने हे अनुभवलं आहे त्याला माहीत आहे की पोटात किती ढवळतं. माणसाला बाहेरचं काही दिसत नसतं. तोल गेला तर टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटतं. साध्या ॲपचं अडकणं आणि हे अडकणं यात हा फरक आहे.

यावर उपाय म्हणजे रिफॅक्टरिंग. हा शब्द विल्यम ओपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधात आला आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने घरोघरी पोचला, निदान प्रोग्रॅमरांच्या. अर्थ सोपा आहे: बाहेरून दिसणारं वागणं तेच ठेवून आतली मांडणी सुधारायची. जुन्या घराची वायरिंग बदलावी तसं. दिवे तेच, बटणं तीच, पाहुण्याला काही बदललेलं दिसत नाही. पण आता कुठली तार कुठे जाते ते मिस्त्रीला ठाऊक असतं आणि एक मेन स्विच पाडला की सगळं घर बंद होतं. सेशन बंद करण्याच्या कोडचं रिफॅक्टरिंग म्हणजे हाच मेन स्विच बसवणं. कुठल्याही कारणाने संपो, शेवटी एकाच दरवाजातून बाहेर पडायचं आणि त्या दरवाजावर सगळा हिशेब चुकता करायचा.

यातली बारीक गोष्ट अशी की बंद होण्याचे प्रकार दोन आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतात. क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमच्या कोडमध्ये ते तसे ठेवलेले आहेत. एक, समोरच्याच्या उत्तराची वाट पाहून बंद होणं. दुसरा, वाट न पाहता ताबडतोब. माणसाने शांतपणे बटण दाबलं असेल तर हेडसेटकडून ‘आवरलं’ असं येईपर्यंत थांबायला हरकत नाही. पण केबलच निघाली असेल तर उत्तर द्यायला पलीकडे कुणी नाही; तिथे वाट पाहत बसणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं. हेडसेटसाठी ओपनएक्सआर नावाचं जे सामायिक मानक २०१९ मध्ये आलं, त्यातही हीच शिस्त आहे. यंत्रणा आधी ‘थांबतेय’ म्हणते, ॲपने ‘मीही थांबलो’ असं कळवायचं, मगच पुढे जायचं. संपर्कच तुटणार असेल तर त्यासाठी वेगळी अवस्था ठेवली आहे.

हे सगळं वाचून जिवतीच्या वाचकाला एक ओळखीची गोष्ट आठवली असेल: मालक दोन असले की काय होतं. आपल्या तालुक्यातली सीमेवरची चौदा गावं घ्या. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यातली काही. महाराष्ट्रही त्यांना आपली म्हणतो, तेलंगणाही. दोन मतदार याद्या, दोन रेशनकार्डं, दोन राज्यांच्या शाळा. महाराजगुड्यातलं एक घर तर बातम्यांत गाजलं: काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात, आणि कर दोन्हीकडे. वरवर वाटतं, दोन मालक म्हणजे सोयी दुप्पट. पण जमिनीचा कागद द्यायची वेळ आली की अंतिम जबाबदारी कुणाची, यावर गाडी अडते. कोडमध्ये ‘मालकी’ हाच शब्द वापरतात. सेशनचा मालक पान, ब्राउझर आणि हेडसेट असे तिघेही असले, तर सुरू करायला तिघे पुढे येतात आणि आवरायला एकही येत नाही. म्हणून रिफॅक्टरिंग करणारा पहिला प्रश्न विचारतो: याचा मालक एकच कोण? बाकीच्यांनी त्याला कळवायचं, निर्णय त्यानेच घ्यायचा.

नियमावलीतला दुसरा मुद्दाही मला इथेच भिडतो: अडकलेल्या प्रत्येक वचनाला स्पष्ट नकार द्या. आपल्या तालुक्यात १९६० आणि ७० च्या दशकांत मराठवाड्यातून आलेली कितीतरी कुटुंबं डोंगरावरची जमीन कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगरआदिवासींकडे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला. तो त्यांच्याकडे कुठून असणार? अशा माणसाला नकार मिळाला तर तो अपिलात जाऊ शकतो, आंदोलन करू शकतो, दुसरा मार्ग शोधू शकतो. ‘प्रलंबित’ ह्या शेऱ्याला अपील नसतं. संगणकशास्त्रातल्या एका रूक्ष कलमात ‘कुणालाही उत्तराविना ताटकळत ठेवू नका’ असं लिहिलेलं असतं, आणि ते यंत्रालासुद्धा पाळता येतं. मग माणसांच्या कचेऱ्यांना ते का जमू नये, असा प्रश्न मनात येतोच.

जमतं, मनावर घेतलं तर. एटीएमचं उदाहरण पाहा. खात्यातून पैसे वजा झाले पण मशिनमधून नोटा आल्या नाहीत, हा मध्येच तुटलेल्या सेशनचाच प्रकार. पूर्वी माणूस पासबुक घेऊन बँकेच्या खेपा घालायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: असा व्यवहार पाच दिवसांच्या आत आपोआप उलटवून पैसे खात्यात जमा झाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, ग्राहकाने तक्रार केली नसली तरी. व्यवहार सुरू कसा करायचा हे सांगणारे नियम आधीही होते. गरिबाच्या कामी आला तो अर्धवट तुटलेला व्यवहार कसा मिटवायचा हे सांगणारा नियम.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. शाळेत धड बाक नाहीत, तिथे हेडसेटची चर्चा कशाला? आक्षेप खरा आहे. बाक आधी हवेत, शिक्षक त्याहून आधी हवेत. पण यंत्रं आपली परवानगी विचारून येत नाहीत. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा डोंगरात नेट आहे का हे कुणी विचारलं नाही. उद्या कुठल्यातरी योजनेतून एखाद्या आश्रमशाळेत हेडसेट येईल. तो एकच असेल आणि पोरं चाळीस असतील. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच असेल की पहिल्या पोराचं सेशन नीट संपलं का. नियमाप्रमाणे एका वेळी असं एकच सेशन चालतं. पहिलं अर्धवट अडकलं तर उरलेली एकोणचाळीस पोरं रांगेत उभी, आणि सर हेडसेट बंद-चालू करण्यात तास घालवणार. श्रीमंताच्या घरी प्रत्येकाला एक हेडसेट; तिथे हा दोष वर्षभर लक्षातही येत नाही. एकच वस्तू अनेकांत वाटून वापरावी लागते, तिथे बंद होण्यातली चूक लगेच अंगावर येते.

माहितीचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी आभासी खेळ खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. फक्त डोकं आणि हात कसे हलतात यावरून, १०० सेकंदांच्या नोंदीत, ९४ टक्क्यांहून जास्त वेळा त्यांना माणूस अचूक ओळखता आला. नाव नको, चेहरा नको. मान हलवण्याची लकब अंगठ्याच्या ठशाइतकी बोलकी निघाली. ज्यांच्या ओळखीवर उठसूट प्रश्न विचारले जातात, अशा समाजांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. सेशन संपलं म्हणजे मोजणंही संपलं पाहिजे, त्याच क्षणी. ‘बंद झाल्यासारखं दिसणं’ आणि ‘बंद होणं’ यातलं अंतर कोडमध्येच मिटवावं लागतं.

सेशनसारख्या सेवाही बंद होतात, आणि तिथेही रीत असते. गुगलने शाळांसाठी काढलेलं एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचं ॲप ३० जून २०२१ ला बंद झालं. त्यातल्या बऱ्याच सहली दुसऱ्या संकेतस्थळावर हलवल्या, पण वर्गाला एकत्र फिरवून आणण्याची ती सोय गेली. मोझिलाचं हब्ज, ब्राउझरमधल्या आभासी खोल्यांचं व्यासपीठ, ३१ मे २०२४ ला बंद झालं. मात्र ते काही महिने आधी जाहीर केलं होतं, लोकांना आपलं सामान उतरवून घ्यायला साधन दिलं होतं, आणि कोड खुला असल्यामुळे तो दुसऱ्यांना पुढे चालवता आला. मोझिलाचाच फायरफॉक्स रिॲलिटी हा हेडसेटचा ब्राउझर २०२२ मध्ये थांबला, तेव्हा इगालिया या संस्थेने त्यावरून वोल्विक उभा केला. दुकान बंद करण्याला आपली भाषा ‘दुकान वाढवणं’ म्हणते. काही जण खरोखर वाढवून जातात, काही जण नुसतं शटर ओढतात. शाळेसाठी वस्तू घेताना हा फरक आधी पाहिला पाहिजे.

म्हणून शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांना माझी विनंती आहे. कुणी असं यंत्र दाखवायला आला तर सुरुवातीचं प्रात्यक्षिक पाहून माना डोलवू नका. त्याला सांगा, आता मध्येच वीज घालवतो, दाखव काय होतं. आता नेट तोडतो. आता हे पोर घाबरलं आहे, त्याला बाहेर पडायचं बटण डोळे झाकून सापडतं का? पुढच्या पोराला आधीच्याचं काही दिसतं का? आणि तुमच्या कंपनीने उद्या हे बंद केलं तर आमच्या हातात काय उरतं? या प्रश्नांना इंग्रजी लागत नाही, संगणकाची पदवी लागत नाही.

आणि संगणक शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींना एक सांगणं. क्रोमियम, फायरफॉक्स, सर्वो, वोल्विक ह्या सगळ्यांचा कोड खुला आहे, कुणीही वाचू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. सेशन बंद करण्याचं काम तपासायला हेडसेट विकत घ्यावाच लागतो असं नाही. खोटा हेडसेट जोडून, मध्येच तोडून पाहण्याची सोय चाचण्यांमध्येच दिलेली आहे. ह्या कामाची बातमी होत नाही, नव्या सोयीसारखी जाहिरात होत नाही, त्यामुळे गर्दीही कमी असते. ज्याने मध्येच तुटलेल्या गोष्टी जन्मभर पाहिल्या आहेत, त्याला इथे काय बिघडू शकतं हे इतरांपेक्षा आधी सुचेल. गडचांदूरच्या किंवा चंद्रपूरच्या कॉलेजात बसून, साध्या लॅपटॉपवर, एखाद्या संध्याकाळी सुरुवात करता येईल. नेट लागलं की कोड उतरवून घ्या; वाचायला नेट लागत नाही.